नायक पडतो कशाने? शोकांतिकेबद्दल तालमीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थी आटोपते, चाकरमानी मुंबईच्या गाड्या पकडतात आणि आमच्याकडे शाळेच्या वर्गातली बाकं भिंतीला सरकवून नाटकाच्या तालमी सुरू होतात. सिंधुदुर्गातल्या दोन-तीन हौशी मंडळांच्या तालमींना मी बसतो. कधी दिग्दर्शक म्हणून, बहुतेक वेळा नुसता चहा पिणारा आणि वाद घालणारा म्हणून. हातात शोकांतिका असली की दर वर्षी तेच प्रश्न येतात. विचारणारे मात्र बदलतात: साहित्य शिकणारी कॉलेजची मुलं, पतपेढीतला कारकून, एक गवंडी, दशावतारात राजपार्ट करणारे दोन जुने नट. दर वेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा उत्तरं एकदा लिहून ठेवतो. सगळ्यांना पटतील असं नाही.

शेवट दुःखाचा झाला की ती शोकांतिका, एवढंच ना?

नाही. वर्तमानपत्रं हा शब्द कशालाही लावतात, त्यामुळे घोटाळा होतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पिढ्यान् पिढ्या जपलेली झाडं एका दुपारी गेली. बघवत नव्हतं, पण ती आपत्ती. बागायतदाराने काही केलं म्हणून वादळ आलं नव्हतं.

शोकांतिकेत पडणाऱ्याचा स्वतःच्या पडण्यात हात असतो. नुसता हात असूनही भागत नाही. त्याने जे केलं ते त्या क्षणी त्याला योग्यच वाटत होतं, आणि समोर बसलेल्या आपल्यालाही थोडंफार पटत होतं, असं असावं लागतं.

हा नायकाला पाडणारा ‘घातक दोष’ आला कुठून?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलकडून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने काव्यशास्त्रावर जे लिहिलं त्यात ‘हामार्शिया’ हा शब्द आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणं. होमरच्या काव्यात फेकलेला भाला शत्रूला न लागता बाजूने गेला की तेच क्रियापद येतं.

ॲरिस्टॉटल आधी नको ते बाजूला काढतो. अगदी सज्जन माणूस सुखातून दुःखात पडला तर बघणाऱ्याला किळस येते. दुष्टाची भरभराट झाली तर शोकांतिकेचा प्रश्नच नाही. पक्का दुष्ट आपटला तर बरं वाटतं, पण कीव येत नाही आणि भीतीही वाटत नाही. मग उरतो मधला माणूस: फार पुण्यवान नाही, पापीही नाही, नाव असलेला, वर चढलेला, आणि एका हामार्शियामुळे खाली येणारा.

मराठीतून हे वाचायचं असेल तर विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ शोधा. विंदा आपल्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ही त्यांनी मराठीत आणला. धालवलीचा माणूस अथेन्स आणि इंग्लंड दोन्हीकडे जाऊन आला, आणि आपली पोरं म्हणतात हे सगळं आपल्यासाठी नाही.

मग तो दोष म्हणायचा की चूक?

यावर विद्वानांचं भांडण जुनं आहे. माझं मत चुकीच्या बाजूने झुकतं. ‘दोष’ म्हटलं की आपण लगेच शिक्षा शोधायला लागतो: गर्विष्ठ होता, भोगलं. जमाखर्च जुळला, नाटक संपलं.

ॲरिस्टॉटलचा आवडता दाखला ईडिपसचा. तीन रस्ते मिळतात तिथे त्याला एक म्हातारा रथातून येताना भेटतो, वाट कुणी सोडायची यावरून बाचाबाची होते, म्हातारा डोक्यात आर हाणतो आणि ईडिपस त्याला ठार करतो. तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नाही. पुढे तो स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवतो, थीब्जचा राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो. ती आई आहे हेही ठाऊक नाही. यात पाप कुठलं? तापटपणा आहे, खरं. पण थीब्जमध्ये रोगराई पसरते तेव्हा जुन्या राजाचा खुनी शोधून काढण्याची शपथ तो घेतो, ती लोकांसाठी. सगळे सांगतात, आता पुरे, खोदू नकोस. राणी योकास्टा तर गयावया करते. तो थांबत नाही. कोडी सोडवणारा माणूस आहे तो. समोर कोडं असताना गप्प बसणं त्याला जमणार कसं? ज्या बुद्धीने राज्य मिळालं त्याच बुद्धीने ते गेलं, डोळेही गेले.

गुणच दोष कसा होईल? हे शब्दांचे खेळ झाले.

बंदरावर जाऊन विचारा. चांगला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कोणता? जो छातीचा आहे, बाकीच्या होड्या कुठे जाळं टाकतात ते न बघता पुढे जातो, मासळी घेऊन येतो. खलाशी त्याच्याच होडीवर जायला बघतात. तोच तांडेल एखाद्या संध्याकाळी आभाळ बघूनही म्हणतो, अजून एक डोल टाकूया. त्या दिवशी होडी परत आली नाही तर गाव म्हणतं, आगाऊ होता. आदल्या दिवसापर्यंत त्याच आगाऊपणाला हिंमत म्हणत होते. माणूस तोच, वारा बदलला.

वर्गात हा जुना खेळ करून बघा. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला त्याच्याच ऑथेल्लोच्या जागी ठेवा. हाताखालच्या कपटी इयागोने बायकोच्या रुमालावरून संशय पेरला की हॅम्लेट पुरावा तपासत बसेल, स्वतःशी बोलेल, नाटकात नाटक घालून बघेल. इयागो कंटाळून नोकरी सोडेल. आता ऑथेल्लोला डेन्मार्कला पाठवा. बापाच्या भुताने खुन्याचं नाव सांगितलं की पहिल्याच अंकात काकाचं मुंडकं खाली, आणि आपण नऊच्या एसटीने घरी. दोघेही वाचतात. म्हणजे स्वभाव एकटा कुणाला मारत नाही. त्या स्वभावाला नेमका त्याचाच घात करणारा प्रसंग भेटावा लागतो, आणि तो प्रसंग रचणं हे नाटककाराचं काम. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

दशावतारात रोज कुणी ना कुणी गर्विष्ठ पडतोच. रावण, हिरण्यकश्यपू, भस्मासुर. मग त्या शोकांतिका का नाहीत?

हा प्रश्न राजपार्ट करणाऱ्या एका नटाने विचारला होता, दहिकाल्याच्या रात्री, देवळामागे तोंडाला रंग लावता लावता. आरशात बघतच विचारलं. मी तिथे काहीतरी थातुरमातुर बोललो. नीट उत्तर सुचायला वर्ष गेलं.

या तिघांच्या गोष्टीत वर असतो आणि वरात पळवाट असते. हिरण्यकश्यपूला आत नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. मग उंबरठा आणि तिन्हीसांज. भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर. उत्तररात्री डोळे चोळत बसलेलं पोरही जाणतं की हा मरणार आणि मेलाच पाहिजे. मेल्यावर समाधान असतं. ॲरिस्टॉटलने बाजूला काढलेला तिसरा प्रकार तो हाच.

पण त्याच पेटाऱ्यातून कर्ण निघतो तेव्हा मामला बदलतो. इंद्र ब्राह्मणाच्या वेशात कवचकुंडलं मागायला येणार हे सूर्याने आधीच सांगितलंय. कर्णाला फसवलेलं नाही. त्याला माहीत आहे. तरी तो अंगावरची कातडी सोलावी तशी कवचकुंडलं काढून देतो, कारण मागणाऱ्याला नाही म्हणणारा कर्ण हा कर्णच उरत नाही. शिवाय तो धुतल्या तांदळासारखाही नाही. द्यूतसभेत द्रौपदीला काय बोलला ते आठवा. हाच तो मधला माणूस. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरलेलं आणि संवाद नटाचे, त्यामुळे कर्ण शोकांतिकेचा नायक होतो की नुसता दानशूर मखरात बसतो, हे त्या रात्रीच्या नटावर असतं. दान देण्याआधी एक क्षण थांबणारा नट मी पाहिलाय. पेटीवाल्यानेही हात उचलला होता. बाकड्यावरचं सिंहासन, मागे एक पडदा, एवढ्यावर ते उभं राहिलं.

संस्कृत नाटकात शोकांतिका नाही म्हणतात, ते खरं?

बहुतेक खरं. अपवाद भासाचं ‘ऊरुभंग’. भासाच्या नावावरची नाटकं १९१२पासून त्रिवेंद्रमहून छापली गेली, तोवर ती लोकांच्या नजरेआडच होती. भीमाने नियम मोडून गदेने मांड्या फोडल्यात, दुर्योधन जमिनीवर सरपटतोय, आणि त्याचा लहानगा दुर्जय नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला येतो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. महाभारतभर ज्याचा राग आला त्या माणसाबद्दल घशात आवंढा येतो. जमलं तर तेवढा एक प्रवेश तरी करा.

षड्रिपूंची यादी आपल्याकडे आहेच. त्यातला एकेक रिपू एकेका नायकाला लावला की झालं की!

फळ्यावर छान दिसतं. मत्सर ऑथेल्लोला, क्रोध लिअरला, लोभ मॅकबेथला, मद ‘अँटिगॉनी’तल्या क्रेऑन राजाला. मग हॅम्लेट येतो आणि फळा पुसावा लागतो, कारण षड्रिपूंत दिरंगाई नाही. बरं, तो नुसता दिरंगाई करणाराही नाही. काका गुडघे टेकून प्रार्थना करतोय, पाठ वळलेली, हातात तलवार, आणि हॅम्लेट परत फिरतो. पुढच्याच प्रवेशात पडद्याआड कोण आहे न बघता तलवार खुपसतो. मरतो बिचारा पोलोनियस. एकाच माणसाची ही दोन रूपं कुठल्या रिपूत घालणार? आगरकरांनी १८८३ साली हे नाटक मराठीत आणलं तेव्हा नाव ठेवलं ‘विकारविलसित’. विकार म्हणजे भावनाही आणि दुखणंही. यादीपेक्षा हा एक शब्द जास्त कामाचा.

मॅकबेथला तर चेटकिणींनी नादी लावलं. त्याचा काय दोष?

चेटकिणी भेटल्या त्या माळावर मॅकबेथ एकटा नव्हता, त्याचा सोबती सरदार बँको बरोबर होता. त्याच चेटकिणी, तीच वेळ. मॅकबेथला सांगितलं, तू राजा होशील; बँकोलाही भविष्य सांगितलं, तुझे वंशज राजे होतील म्हणून. त्याने काय केलं? ऐकलं, जपून राहा म्हणाला. मॅकबेथच्या डोळ्यापुढे लगेच खून आला, तोही चेटकिणींनी खुनाचा शब्दही उच्चारलेला नसताना.

आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसं समजा. उजवी पाकळी पडली तर काम होईल एवढं कळतं. पाकळी पडली म्हणून सख्ख्या पाहुण्याचा गळा काप, असं कुठल्या देवाने कधी सांगितलंय? तेवढा भाग कौल लावणाऱ्याने घरून आणलेला असतो. मॅकबेथची खरी यातना पुढेच आहे: तो स्वतःच मोजून बघतो की राजा डंकनला मारायला आपल्याकडे महत्त्वाकांक्षेशिवाय दुसरं कारण नाही. राजा आपला नातलग, आपल्या घरी पाहुणा, वरून भला माणूस. सगळं कळतं आणि तरी करतो. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ याच नाटकाचं रूपांतर, १९५४चं.

इयागो नसता तर ऑथेल्लो वाचला असता ना?

वाचला असता. पण इयागोचं कसब बघा, तो आरोप करतच नाही. ऑथेल्लोचा अधिकारी कॅसिओ त्याच्या बायकोजवळून, डेस्डेमोनाजवळून, निघताना दिसतो आणि इयागो पुटपुटतो, हे मला बरं वाटत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? हा म्हणतो, काही नाही. इथून पुढे खणायचं काम ऑथेल्लोच करतो. रणांगणावरचा सेनापती, तिथे संशय आला की ताबडतोब निर्णय, नाहीतर फौज कापली जाते. तीच सवय घेऊन तो शेजघरात आला. देवलांनी याचं ‘झुंजारराव’ केलं, मराठी रंगभूमीवर ते भरपूर चाललं.

चूक वेळेवर लक्षात आली तर नायक वाचू शकतो का?

ग्रीक नाटककार सोफोक्लीझचा क्रेऑन बघा. ‘अँटिगॉनी’त त्याने हुकूम काढलाय की देशद्रोही पॉलिनायकीसचं प्रेत कुणी पुरायचं नाही. बहीण अँटिगॉनी त्यावर माती टाकते, तो तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन बजावतो, आणि क्रेऑन चक्क ऐकतो! हट्ट सोडतो. राज्यकर्त्यांत दुर्मीळ गोष्ट.

वृद्धांचा मेळा त्याला क्रम सांगतो: आधी पोरीला सोडव, मग प्रेताचं बघ. क्रेऑन करतो उलटं. आधी प्रेताकडे जातो, उरलंसुरलं धुतो, जाळतो, त्यावर मातीचा ढीग रचतो, सगळं यथासांग. मग गुहेकडे. तोवर अँटिगॉनीने गळफास लावून घेतलाय. तिच्याशी लग्न ठरलेला क्रेऑनचा मुलगा बापाच्या डोळ्यादेखत स्वतःला संपवतो, आणि ते ऐकून राणीही.

मला या नाटकात सगळ्यात जास्त छळते ती ही गोष्ट. गर्व गेला होता. राज्यकारभाराची सवय मात्र राहिली: आधी नियम पुरा करायचा, माणसाचं नंतर. तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही क्रेऑन नवीन नाही.

‘एकच प्याला’ ही दारूची शोकांतिका ना?

जाहिरातीत तसं. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, बालगंधर्व नायक सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या भूमिकेत. लोक अजून ते दारूबंदीचं नाटक म्हणून आठवतात.

पण सुधाकर पहिला प्याला घेतो कशासाठी? तो हुशार वकील आहे, स्वतःच्या बळावर वर आलेला, तापट. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. दुसरा कुणी चार दिवस तोंड लपवून पुन्हा कामाला लागला असता. सुधाकरला ते सोसत नाही, आणि तळीरामाला नेमकं तेव्हाच दार उघडं सापडतं. ज्या मानी स्वभावाने त्याला वकील केलं, त्यानेच हातात प्याला दिला. मूल जातं, सिंधू जाते, शेवटी तो स्वतः. नुसती दारूच दाखवायची तर व्यसनमुक्तीचं पथनाट्य पुरेसं आहे. ते वीस मिनिटांत होतं.

‘नटसम्राट’ आणि ‘लिअर’ एकच का?

बीज एक. म्हातारा हयातीतच सगळं वाटून टाकतो आणि मग पोरांच्या दारात उभा राहतो. आपल्याकडे घराघरात म्हण आहे: समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. कोकणात सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या घरात ही म्हण रडूनच म्हणतात. पण लिअर आधी मुलींना विचारतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते बोला, आणि भाषणं मोजून राज्य वाटतो. गणपतराव बेलवलकरांनी असा लिलाव केलेला नाही. त्यांची चूक मला वेगळी दिसते: आयुष्यभर टाळ्या ऐकलेला माणूस घरातही प्रेक्षक शोधतो. १९७०मध्ये आलेलं हे नाटक हौशी मंडळं अजून करतात, आणि बहुतेक वेळा सून-जावयांना राक्षस करून टाकतात. तसं केलं की बेलवलकर नुसते बिचारे होतात.

रत्नागिरीच्या थिबा राजाची गोष्ट शोकांतिका म्हणता येईल का?

रत्नागिरीच्या पोरांचा हा हक्काचा प्रश्न. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८७८ला गादीवर, १८८५च्या युद्धात इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. खाडीवर नजर जाईल अशा टेकडीवर १९१०मध्ये राजवाडा बांधून दिला, आणि १९१६मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

पतन आहे, उंचीही आहे. पण गोऱ्या साम्राज्याला वरच्या ब्रह्मदेशाचं सागवान आणि बाजार हवा होता; राजा कितीही शहाणा असता तरी तोफा थांबल्या नसत्या. उलट बाजूने, तो गादीवर आल्यावर राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली, त्याचा डाग त्याच्या कारकिर्दीवर आहेच. मला वाटतं, इतिहास म्हणून ही परवड आहे. शोकांतिका करायची तर त्याच्या राजधानीत, मंडालेत सुरुवात करून उपयोग नाही. पडदा इथल्या टेकडीवर उघडा: तीस वर्षं राजेपण अंगावरून न उतरलेला माणूस. कुणी लिहीत असेल तर मला वाचायला द्या.

बायकांना घातक दोष नसतो का?

ग्रीकांकडे असतो. नवऱ्यावर सूड म्हणून पोटची पोरं मारणारी मिडिया, नवऱ्यालाच मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा या करणाऱ्या बायका आहेत. पडतात तर स्वतःच्या हाताने. मराठी शोकांतिकेने बाईला सोसायला भरपूर दिलं, चुकायला फार कमी. सिंधूची सहनशीलता घराचा सत्यानाश होईपर्यंत ताणली जाते, पण नाटक तिला चूक म्हणायला तयार नाही, आरती ओवाळतं. आमच्या मंडळातल्या एका मुलीने तालमीत सरळ विचारलं, “ही माहेरी कशाक जाणा नाय?” दिग्दर्शकाकडे उत्तर नव्हतं. तो मीच होतो.

दुसऱ्याचं वाटोळं बघून प्रेक्षकाला काय मिळतं?

ॲरिस्टॉटल म्हणतो, कीव आणि भीती यांचं कॅथार्सिस, म्हणजे निचरा. मराठीत ‘विरेचन’ लिहितात आणि वैद्याच्या घरची पोरं फिदीफिदी हसतात, कारण विरेचन म्हणजे एरंडेल. हसू द्या. मूळ ग्रीक शब्दालाही तो वैद्यकाचा वास होताच.

आमच्या मंडळाला शोकांतिका बसवायची आहे. नायकाचा दोष लोकांना कळेल असा कसा दाखवू?

कळवायला जाऊ नका. मी एकदा ‘ऑथेल्लो’चं रूपांतर स्पर्धेसाठी बसवलं. दोष पहिल्या मिनिटापासून दिसावा म्हणून नायकाच्या भुवया जाड काढल्या, पहिल्या प्रवेशापासून त्याला संशयाने बघायला लावलं, वर लाल दिवा. मागच्या रांगेत लोक मोबाईल बघायला लागले. नंतर एक जाणते परीक्षक बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचा नायक पडतच नाही हो, तो आधीपासून खालीच बसलाय.”

पुढच्या खेपेला आम्ही उलट केलं. पहिला अर्धा तास नायक इतका भरवशाचा, शांत आणि मोकळा ठेवला की आपली मुलगी याला द्यावी असं वाटावं. रुमालाच्या प्रवेशात दिवा बदलला नाही. नटाला फक्त एवढं सांगितलं, की इयागो “काही नाही” म्हणाला की पाण्याचा पेला उचलायचा आणि न पिता खाली ठेवायचा. गावच्या प्रयोगाला पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्याने म्हणाली, “हो माणूस वायट नाय, मगे असा करता कित्याक?” आम्ही विंगेत एकमेकांकडे बघितलं. तालीम फुकट गेली नव्हती.

परीक्षेत ‘दोष’ लिहू की ‘चूक’?

दोन्ही लिहा, पण ‘चूक’ लिहिताना ईडिपसचा तिठा आणि ‘दोष’ लिहिताना मॅकबेथचं स्वतःशी मोजणं घ्या, म्हणजे तपासणाऱ्याला फरक कळतो. ‘हामार्शिया’तला ‘र’ रफारात आहे, तो शीवर द्या, मावर नको. मागच्या वर्षी तिघांनी तो चुकवला.